गाठीचा टाका : उठावाच्या भरतकामाचा श्रीगणेशा

हाताने केलेल्या भरतकामातील टाक्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. धावदोरा, उलटी टीप, दांडी टाका, साखळी टाका हे कापडाला बिलगून चालणारे टाके होत. दुसऱ्या वर्गातील टाके कापडावर उभे राहतात. डोळे मिटून बोट फिरविले तरी ते हाताला लागतात. या उठावदार टाक्यांमधील सर्वांत साधा आणि सर्वांत उपयोगी टाका म्हणजे गाठीचा टाका. इंग्रजी शिवणपुस्तकांतून आलेले ‘फ्रेंच नॉट’ हे त्याचे नाव आपल्याकडील शिवणवर्गांत इतके रुळले आहे, की मराठी नाव सांगितल्यावर अनेकींना क्षणभर विचार करावा लागतो. फुलाचा मध्य, आंब्याचा मोहर, तुतीचे फळ, मेंढीची लोकर, कणसातले दाणे असे जे जे दाणेदार असेल, ते ते या एका टाक्याने भरता येते.

याची कृती चार ओळींत सांगून होते. तरीही नव्याने शिकणाऱ्यांना रडकुंडीला आणणारा हाच टाका आहे. त्याचे कारण शिकविण्याच्या पद्धतीत सापडते. सारे लक्ष सुई धरलेल्या उजव्या हाताकडे दिले जाते. प्रत्यक्षात या टाक्यात उजवा हात जवळजवळ हमाल असतो. गाठ घडवितो तो दोरा धरून ठेवणारा डावा हात. ही एक गोष्ट नीट उमगली, की उरलेला भाग सरावाचा आहे. डावखुऱ्या व्यक्तींनी पुढील मजकुरात उजवा-डावा यांची अदलाबदल करून वाचावे.

साहित्य

शिकण्यासाठी घट्ट विणीचे सुती कापड घ्यावे. पॉपलीन, केंब्रिक किंवा धुऊन खळ काढलेले मांजरपाट उत्तम. व्हॉइल, जॉर्जेट, मलमल अशा विरळ कापडावर गाठ धाग्यांच्या फटीतून मागे निसटते. तेव्हा ती पहिल्याच दिवशी हाती घेऊ नयेत. कापड गोल फ्रेममध्ये ताणून बसवावे. काही टाके फ्रेमशिवाय घालता येतात, परंतु या टाक्याला फ्रेम हवीच, कारण एक हात सुईत आणि दुसरा दोऱ्यात गुंतलेला असतो. कापड धरण्यासाठी तिसरा हात नसतो. फ्रेम मांडीवर किंवा टेबलाच्या कडेला टेकवून बसावे.

बाजारात मिळणारी भरतकामाची सुती लडी सहा पदरी असते. अँकर आणि डीएमसी या दोन्ही नावांच्या लडीत साधारण ८ मीटर दोरा असतो. एका वेळी ४५ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे दोन विती, एवढाच दोरा कापावा. लांब दोरा घेतल्याने वेळ वाचेल असे वाटते. पण तो प्रत्येक गाठीच्या वेळी गुंततो आणि कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन त्याची चकाकीही उतरते. हवे तेवढे पदर एकेक करून सुटे ओढावेत आणि मग पुन्हा जुळवावेत. या लहानशा कामाचा कंटाळा अनेकजणी करतात, पण सुटे करून जुळविलेले पदर गाठीत शेजारी-शेजारी बसतात आणि गाठ भरदार दिसते.

सुईकडे सहसा दुर्लक्ष होते. नेहमीच्या भरतकामाच्या सुईचे नेढे अंगापेक्षा रुंद असते. दोऱ्याचे वेढे त्या रुंद भागापाशी येऊन अडकतात आणि मग जोर लावावा लागतो. टोप्या शिवणाऱ्या कारागिरांसाठी बनविलेली ‘मिलिनर्स’ नावाची लांब सुई मिळाली, तर ती घ्यावी. तिची जाडी टोक सोडल्यास नेढ्यापर्यंत जवळजवळ सारखी असते, त्यामुळे वेढे अलगद सरकतात. ती न मिळाल्यास साध्या सुईवरही काम होते. मात्र वेढे किंचित सैल ठेवावे लागतात. सुयांच्या पाकिटावरील क्रमांक जितका मोठा, तितकी सुई बारीक, हेही दुकानात गेल्यावर लक्षात असू द्यावे.

कृती

पहिल्यांदा तीन पदर घ्यावेत. गाठ डोळ्यांना स्पष्ट दिसते. दोऱ्याच्या टोकाला गाठ मारण्याऐवजी, जिथे गाठीचा टाका येणार आहे त्या जागी मागील बाजूस एक-दोन इवलेसे टाके घालून दोरा पक्का करावा. नंतर सुई खालून वर काढून दोरा पूर्ण ओढून घ्यावा.

आता डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांत दोरा कापडापासून सुमारे दोन बोटे अंतरावर चिमटीत पकडावा. उजव्या हातातील सुई कापडाला समांतर, आडवी धरावी. डाव्या हाताने दोरा सुईभोवती दोनदा गुंडाळावा. दोरा सुईभोवती फिरवायचा आहे, सुई दोऱ्याभोवती नव्हे. सुई फिरविली, तर हात वळतो, मनगट अवघडते आणि वेढे एकमेकांवर चढतात. वेढे सुईच्या टोकाकडील भागावर, एकाशेजारी एक बसावेत.

यानंतर चिमटीतला दोरा न सोडता सुईचे टोक वळवून कापडावर आणावे आणि दोरा जिथून वर आला त्या छिद्राच्या अगदी शेजारी टोचावे. ‘शेजारी’ म्हणजे कापडाचा एक किंवा दोन धागे सोडून. सुई पूर्ण खाली न ढकलता अर्ध्यावर थांबावे. आता डाव्या हाताने दोरा हळूच ओढावा, म्हणजे वेढे सुईवरून घसरत कापडाला टेकतील. सुईच्या पायथ्याशी वेढ्यांचे छोटेसे कडे तयार झालेले दिसले पाहिजे. ते दिसल्यावाचून पुढे जाऊ नये. गाठ चांगली होणार की नाही, हे याच क्षणी ठरलेले असते.

मग सुई खाली ढकलून दुसऱ्या बाजूने ओढावी. दोरा कड्यातून जात असताना डाव्या हाताची चिमटी सुटता कामा नये. वरचा दोरा संपत येऊन शेवटचा लहानसा फास उरला, की मगच तो सोडावा. पतंग उडविणाऱ्याला मांजा कधी ताणावा आणि कधी ढील द्यावी हे जसे बोटांनी कळते, तशीच ही गोष्ट आहे. लिहून सांगता येते ती इतकीच, की ताण सारखा असावा, जोर नसावा. गाठ आवळायची नसून बसवायची असते.

गाठ मोठी हवी असेल, तर वेढे वाढवावेत असे साहजिकच वाटते. दोन वेढ्यांपर्यंत ते ठीक आहे. तीन-चार वेढे घेतल्यास गाठ एका बाजूला कलंडते, तिची वेटोळी सुटी दिसू लागतात आणि धुण्यात ती बांगडीत किंवा अंगठीत अडकते. मोठ्या गाठीसाठी पदर वाढवावेत, हा नियम बहुतेक जाणत्या शिक्षिका सांगतात आणि तो सर्वस्वी योग्य आहे. घरच्या मापाने सांगायचे, तर दोन पदरांची एका वेढ्याची गाठ साधारण राजगिऱ्याच्या दाण्याएवढी, तीन पदरांची दोन वेढ्यांची मोहरीएवढी आणि सहा पदरांची दोन वेढ्यांची बारीक ज्वारीच्या दाण्याजवळ जाणारी होते.

बिघाड आणि त्यांची कारणे

गाठ मागच्या बाजूला निघून गेली, तर सुई त्याच छिद्रात परत टोचली गेली आहे किंवा कापड फार विरळ आहे. गाठीवर एक कान उभा राहिला, तर चिमटी लवकर सुटली. सुई वेढ्यांतून पुढे जाईना, तर वेढे फार आवळले गेले. अशा वेळी पक्कड किंवा दात यांचा उपयोग न करता सुई मागे घेऊन वेढे सोडवावेत आणि पुन्हा गुंडाळावेत. गाठी लहान-मोठ्या दिसत असतील, तर प्रत्येक वेळी ताण बदलतो आहे, किंवा एकदा वेढे आतून आणि एकदा बाहेरून घेतले जात आहेत. वेढ्यांची दिशा एका कामात नेहमी एकच ठेवावी. काम करताना दोऱ्याचा पीळ कमी-जास्त होतो. दहा-बारा गाठींनंतर सुई लोंबती सोडून तिला आपोआप फिरू द्यावी, म्हणजे पीळ पूर्ववत होतो.

या टाक्याचा एक स्वभावधर्म मात्र आधीच ठाऊक असलेला बरा. धावदोरा किंवा दांडी टाका चुकला, तर नेढ्याच्या बाजूने उसवून दोरा पुन्हा वापरता येतो. बसलेली गाठ सहसा उसवत नाही. ती बारीक कात्रीने वरून कापून काढावी लागते आणि तसे करताना शेजारच्या गाठीला धक्का लागण्याचा संभव असतो. म्हणून नाराज होऊन लगेच कात्री उचलू नये. दाट भरलेल्या आकृतीत एखादी वाकडी गाठ शेजारणींमध्ये लपून जाते. सुट्या, विरळ गाठींच्या नक्षीत मात्र ती काढावीच लागते.

दोन गाठींमधील अंतर एका सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर मागून दोरा ओढून नेऊ नये. पांढऱ्या किंवा फिक्या कापडावर तो सावलीसारखा दिसतो आणि धुतल्यावर कापड त्या जागी आखडते. प्रत्येक सुटी गाठ मागे पक्की करून दोरा कापणे कष्टाचे आहे, पण त्याला पर्याय नाही.

सरावासाठी बाजरीचे कणीस

कापडावर पेन्सिलीने दहा ओळी आखून प्रत्येक ओळीत दहा ठिपके काढावेत आणि शंभर गाठी घालाव्यात. पहिली ओळ आणि दहावी ओळ शेजारी ठेवून पाहिल्यास पुढे कोणी शिकविण्याची गरज राहत नाही. त्यानंतर पहिली नक्षी म्हणून बाजरीचे कणीस घ्यावे, असे सुचवावेसे वाटते. पुस्तकांत बहुधा गुलाब किंवा डेझीची फुले असतात. परंतु त्यांत गाठींना फक्त मध्यभागी जागा मिळते. कणसात गाठ हाच सारा विषय असतो.

सुमारे सहा सेंटिमीटर लांबीचा, वर निमुळता होणारा आकार काढावा. देठ आणि दोन लांब पाने दांडी टाक्याने करावीत. कणीस भरताना आधी कडेची रांग, मग आतील भाग असा क्रम ठेवावा. आतून सुरुवात केल्यास कड वेडीवाकडी होते. राखाडी झाक असलेला हिरवा, फिका हिरवा आणि पिवळसर अशा तीन छटा घ्याव्यात. सुईत दोन छटांचे एकेक पदर एकत्र ओवले, तर प्रत्येक गाठीत रंगांचे मिश्रण वेगळे पडते आणि कणीस खऱ्यासारखे दिसते. खालच्या भागात तीन पदर आणि टोकाकडे दोन, एवढा फरक केला तरी पुरे. असे एक कणीस दाट भरायला दीडशेच्या वर गाठी लागतात. त्या एका बैठकीत घालण्याचा हट्ट धरू नये. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी उजेड डाव्या खांद्यावरून येईल असे बसावे आणि थोड्या-थोड्या वेळाने नजर उचलून दूरवर पाहावे. बारीक काम अंधारात केल्याने काम बिघडते आणि डोळ्यांवर ताण पडतो.

तयार काम धुण्यापूर्वी लाल, निळ्या, काळ्या दोऱ्यावर ओला कापूस दाबून रंग जातो का, ते पाहावे. इस्त्री करताना जाड टॉवेल अंथरून त्यावर भरतकामाची बाजू खाली ठेवावी आणि मागून इस्त्री फिरवावी. गाठी टॉवेलच्या मऊपणात बसतात आणि चपट्या होत नाहीत. मनगटाशी, कोपरावर किंवा बसण्याच्या उशीवर हा टाका घालू नये. घासला जातो तेथे तो फार टिकत नाही.

टाक्याचे गणगोत

नावात फ्रेंच असला, तरी हा टाका एकट्या फ्रान्सचा नाही. आयर्लंडमधील माउंटमेलिक या गावात १८२५च्या सुमारास पांढऱ्या जाड सुती कापडावर पांढऱ्याच दोऱ्याने उठावाचे भरतकाम सुरू झाले. त्यातील ब्लॅकबेरीची फळे गाठींनीच भरली जातात. रंगाचा आधार नसल्याने तेथे सारी शोभा उंच-सखलपणावर उभी असते. चीनमध्ये याचा एक जवळचा नातलग शतकानुशतके वापरात आहे. त्यात दोऱ्याचे एकच वेटोळे कापडावर मांडून सुई त्याच्या आत खाली नेतात. त्यामुळे गाठीच्या मध्याशी बारीकसे छिद्र राहते. कँटनशी व्यापार करणाऱ्या पारशी व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात रेशमी भरतकामाची वस्त्रे मुंबईला आणली आणि त्यांतून पारशी ‘गारा’ साडी घडली. त्या साड्यांवर हा बारीक गाठींचा टाका आढळतो. पारशी मंडळी त्याला ‘खाखा’ म्हणतात. हे काम करणाऱ्यांची दृष्टी जात असे म्हणून त्यावर बंदी आली आणि त्यावरून ‘निषिद्ध टाका’ हे नाव पडले, अशी कथा सांगितली जाते. कथा विक्रीला उपयोगी आहे. पण चीनमध्ये हा टाका आजही घातला जातो, हे लक्षात घेता तिच्यावर फारसा विश्वास ठेवण्याचे कारण नाही. डोळ्यांवर ताण पडतो, एवढे मात्र खरे.

आपल्या शेजारच्या धारवाड भागातील कशिद्याची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तेथे दोऱ्याला गाठ मारणे हाच दोष मानला जातो आणि गवंतीच्या टाक्यात कापडाच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसाव्या लागतात. एकाच सुई-दोऱ्याच्या कलेत एका प्रदेशाने गाठ वर्ज्य मानावी आणि दुसऱ्याने तिचाच दागिना करावा, हे मोठे मौजेचे आहे.

आपल्या देशात गाठीला सर्वाधिक मान मिळाला तो लखनौच्या चिकनकारीत. तेथील ‘फंदा’ हा भरड धान्याच्या दाण्यासारखा गोल, तर ‘मुर्री’ तांदळाच्या दाण्यासारखी लांबट. मुर्री म्हणजे आपल्याकडे लहान मुलींच्या फ्रॉकवर करतात ती ‘बुलियन’ची फुले, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. बुलियनमध्ये सुईवर सहा-आठ किंवा अधिक वेढे गुंडाळून सुई त्यांतून ओढून घेतात. मुर्रीत लहानशा टाक्यावर पुन्हा पुन्हा टाके चढवून दाणा घडवितात. दोन्ही दिसायला जवळ असली, तरी हाताची चाल वेगळी आहे.

गाठ आणि तिचे मोल

लखनौच्या चिकनला २००८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. तरीही त्या नावाने बाजारात येणारा बराचसा माल यंत्राचा असतो. १८२८ मध्ये जोसुआ हाइलमान याने भरतकामाचे यंत्र बनविले आणि १८६३ मध्ये इसाक ग्रोब्ली याने ‘शिफ्ली’ यंत्र आणले; आज संगणकावर चालणारी यंत्रे हव्या त्या नक्षी झरझर भरतात. पण शिफ्ली आणि आजच्या संगणकी यंत्रांत वरचा दोरा खालच्या दोऱ्यात अडकवून टाका होतो. दोरा आपल्याच सुईभोवती गुंडाळून त्यातून सुई पार नेणे त्यांच्या रचनेत बसत नाही. म्हणून यंत्र गाठीची नक्कल करते, ती एका जागी बारीक टाक्यांचा ढीग रचून. दुरून तो ढीग गाठीसारखाच दिसतो.

हाताने केलेल्या कामाची मजुरी नगावर ठरते. चिकनकाम करणाऱ्या बहुतेक स्त्रिया घरी बसून, मध्यस्थाकडून आलेल्या छापील कापडावर काम करतात. त्यांच्या कौशल्याचा आणि तुटपुंज्या मिळकतीचा अभ्यास क्लेअर विल्किन्सन-वेबर यांनी ‘एम्ब्रॉयडरिंग लाइव्ह्ज’ या १९९९ च्या ग्रंथात केला आहे. अशा स्त्रियांना संघटित करण्यासाठी लखनौत १९८४ मध्ये ‘सेवा’ ही संस्था उभी राहिली. जिथे दर नगावर आणि तोही तोकडा असतो, तिथे सर्वांत आधी कात्री लागते ती वेळखाऊ टाक्यांवर. दहा गाठींच्या जागी चार येतात, त्याही ओबडधोबड. किंवा फुलाचा मध्य एका भरीव टाक्याने उरकला जातो. अशा वेळी दोष हातात नसतो, दरात असतो.

आपल्याकडे घरबसल्या भरतकाम करून देणाऱ्या भगिनींच्या बाबतीतही हेच घडते. ब्लाउजच्या बाहीवरील गाठींच्या नक्षीची मजुरी ऐकून ‘एवढ्याशा कामाचे एवढे?’ असा प्रश्न हमखास येतो. प्रश्न विचारण्याआधी घड्याळ लावून आपण स्वतः पंचवीस गाठी घालून पाहाव्यात, लागलेली मिनिटे लिहून ठेवावीत आणि मग बाहीवरील गाठी मोजाव्यात. काम करणाऱ्या भगिनींनीही दर ठरविताना हाच हिशेब गिऱ्हाईकापुढे मांडावा. गाठी मोजता येतात, ही त्यांच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

‘हातकाम’ म्हणून दिलेली कुर्ती घेताना कापड उलटून पाहावे. हाताच्या गाठीमागे एक लहानसा टाका आणि शेजारच्या गाठीकडे गेलेला त्याच रंगाचा, थोडासा वाकडातिकडा दोरा दिसतो. यंत्राच्या कामात मागे सर्वत्र बॉबिनच्या दोऱ्याचे, बहुधा पांढऱ्या रंगाचे, दाट आणि एकसारखे टाके असतात. त्यानंतर सुलट बाजूच्या दाण्याला नखाने हलकेच बाजूला ढकलून पाहावे : गाठ आपल्या पायावर किंचित डुलते, ढीग मुळीच हलत नाही. आतून अस्तर लावून मागची बाजू झाकलेली असेल, तर ही दुसरी परीक्षाच कामास येते.